लघुकथा म्हणजे नेमकी किती लघु?

शेवंती:
एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेची जाहिरात हाती आली आहे. मजकूर असा: 'लघुकथा व लघुकविता स्पर्धा. लघुकथा १०० शब्दांत, लघुकविता ८ ओळींत. प्रत्येक विभागात एकच प्रवेशिका. साहित्य मौलिक व अप्रकाशित असावे.' कथेचा खर्डा तयार आहे, पण जाहिरातीतल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाशी अडले आहे. शाळेत बाईंनी 'लघुकथा' म्हणून जे शिकवलं ते आठ-दहा पानांचं असायचं. मग १०० शब्दांत बसते ती कुठली? आणि 'प्रवेशिका' म्हणजे फॉर्म की कथाच? जाणकारांनी सांगावं.

इंदूरकर:
ताई, जाहिरात लिहिणाऱ्याने हिंदी जाहिरात समोर ठेवली असावी. आमच्याकडे हिंदीत 'कहानी' वेगळी आणि 'लघुकथा' वेगळी. प्रेमचंदांनी लिहिली ती कहानी. पानभरात, कधी अर्ध्या पानात संपते ती लघुकथा. मराठीत या दोन खोल्यांच्या पाट्याच बदललेल्या आहेत. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांची यात नेहमी फसगत होते.

जुना मुद्रितशोधक:
इंदूरकरांशी सहमत, थोडी भर घालतो. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं. त्यात क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्यांशेजारी ज्या लहान गोष्टी छापल्या, त्यांना ते 'स्फुट गोष्टी' म्हणत. 'लघुकथा' हा शब्द पुढे इंग्रजी शॉर्ट स्टोरीला प्रतिशब्द म्हणून रुळला. म्हणजे 'लघु' ठरली ती कादंबरीच्या मानाने. फडके-खांडेकरांच्या काळात तो शब्द जोरात होता. नवकथा आली तसं 'लघु' हळूहळू गळलं आणि नुसतं 'कथा' उरलं. आज मराठीत कुणी आपल्या पंधरा पानी कथेला आवर्जून लघुकथा म्हणत नाही, पण अभ्यासक्रमात आणि समीक्षेत तो अर्थ अजून जिवंत आहे. त्यामुळे १०० शब्दांच्या स्पर्धेला 'लघुकथा स्पर्धा' म्हणणं मला तरी पटत नाही. पाच हजार शब्दांची कथा पाठवणारा निघाला तर चूक त्याची नाही.

आणि आखूड गद्य मराठीला नवंही नाही. दिवाकरांच्या नाट्यछटा १९११ पासूनच्या. खांडेकरांच्या रूपककथाही आखूडच. पण त्यांची ओळख घाटावरून, म्हणजे रचनेच्या रूपावरून झाली, लांबीवरून नाही.

शेवंती:
संयोजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याच प्रकाराला 'अलक' म्हणतायत.

अवकाळी:
अति लघु कथा, म्हणून अ-ल-क. संस्कृतात अलक म्हणजे केसांची बट, हा योगायोग कवींना भारी आवडतो. एक खरी अडचण मात्र कुणी सोडवलेली नाही. अनेकवचन काय? ती वीट, त्या विटा. ती माळ, त्या माळा. या हिशेबाने ती अलक, त्या अलका. मागे एका गृहस्थांनी ग्रुपवर लिहिलं, 'माझ्या तीन अलका एकाच अंकात आल्या.' खाली वहिनींची प्रतिक्रिया होती. ती इथे देत नाही.

जुना मुद्रितशोधक:
वहिनींना सांगा, आद्याक्षरी शब्द सहसा विकार घेत नाहीत. मसाप, अंनिस, मनसे यांचं आपण काय करतो? 'मसापमध्ये', 'अंनिसचा'. तसंच 'अलकमध्ये' आणि 'तीन अलक'. 'अलकेत' म्हणणारेही भेटतात, कानाला वाईट लागत नाही. पण 'अलका' नको, त्यात घोटाळा आहे.

फिरस्ता:
'शतशब्दकथा' विसरलात. तिचं आद्याक्षरी रूप 'शशक', म्हणजे ससा! गंमत सोडा, या शब्दात एक करार आहे: बरोबर शंभर शब्द, नव्व्याण्णव नाहीत आणि एकशे एक नाहीत. इंग्रजीत याला ड्रॅबल म्हणतात, ब्रिटनमधल्या विज्ञानकथाप्रेमींनी १९८०च्या दशकात तो खेळ सुरू केला. अलकला असा आकडा कुणी बांधून दिलेला नाही. शेवंतीताईंच्या जाहिरातीत '१०० शब्दांत' आहे. 'शब्दांत', 'शब्दांपर्यंत' आणि 'शब्दांची' ही तीन निरनिराळी बंधनं आहेत. पहिलं सर्वांत संदिग्ध, म्हणून विचारून घ्या.

बंगालीत याच प्रकाराला अणुगल्प, म्हणजे अणूएवढी गोष्ट म्हणतात, उर्दूत अफसान्याचा, म्हणजे कथेचा, छोटा अफसांचा. दोन्हीकडे नावातच आकार कळतो. आपण 'अलक'वर समाधान मानलं.

शेवंती:
आता शब्द मोजायचे कसे ते सांगा. माझे १०९ भरतायत. त्यातलं एक वाक्य देते:
'बस स्टँडवर उतरल्यावर तिने मागे वळून सुद्धा पाहिलं नाही.'

जुना मुद्रितशोधक:
नुसतं शुद्धलेखन केलंत तरी दोन शब्द कमी होतील. 'सुद्धा' आधीच्या शब्दाला जोडून लिहायचं: वळूनसुद्धा. 'बसस्टँड' हा एक शब्द. म्हणजे:
'बसस्टँडवर उतरल्यावर तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.'
नऊचे सात झाले. साठी, पेक्षा, समोर, बरोबर, पर्यंत ही सगळी शब्दयोगी अव्ययं तोडून लिहिण्याची सवय मोबाइलमुळे फार वाढली आहे. ती जोडली की संगणकाच्या मोजणीत शब्द कमी दिसतात, कारण संगणक फक्त मोकळी जागा बघतो. उलटा धोका डॅशचा. दोन्ही बाजूंना जागा सोडून नुसता डॅश टाकलात तर वर्डमध्ये तोही एक शब्द धरला जातो. संवादात असे चार-पाच डॅश असले की चार-पाच शब्द फुकट जातात.

इंदूरकर:
हेच वाक्य हिंदीत बघा: 'बस अड्डे पर उतरने के बाद उसने पीछे मुड़कर भी नहीं देखा.' बारा शब्द! आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, हिंदीचे सुटे राहतात. 'घर के सामने से' हे चार, आपलं 'घरासमोरून' एक. त्यामुळे १०० शब्दांच्या चौकटीत मराठीला हिंदीपेक्षा बरीच जास्त गोष्ट सांगता येते. हिंदीतली शब्दमर्यादा मराठी स्पर्धेला जशीच्या तशी लावली तर मराठी लेखकाला सवलतच मिळते म्हणायची.

अवकाळी:
म्हणून काही लोक 'रडतरडत', 'हळूहळूच', 'तेव्हापासूनसुद्धा' अशी आगगाडी करून पाठवतात. परीक्षक शब्द मोजत बसला तर कदाचित चालेल, वाचायला लागला की चिडतो.

फिरस्ता:
'रडत रडत' मात्र सुटंच, हं. ती चलाखी झाली.

कुणीतरी 'मौलिक'चं उत्तर द्यायचं राहिलंय, ते मी देतो. हिंदीत मौलिक म्हणजे स्वतःचं, कुठून न उचललेलं. मराठीत 'मौलिक मार्गदर्शन', 'मौलिक विचार' म्हणजे मोलाचे. तेव्हा या जाहिरातीनुसार ताई, तुमची कथा मोलाची आहे हे तुम्हीच लिहून द्यायचंय! मराठीत इथे 'स्वतंत्र' म्हणतात: अनुवादित नाही, रूपांतरित नाही, कुठल्या सिनेमावर आधारित नाही. 'स्वरचित' कवितेला बरा वाटतो, कथेला ओढूनताणून लावल्यासारखा.

प्रवेशिका म्हणजे स्पर्धेत दाखल केलेली वस्तू, इथे तुमची कथा. पण नाट्यगृहाबाहेर 'मोफत प्रवेशिका उपलब्ध' लिहितात तेव्हा तो पास असतो, गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांत 'प्रवेशिका' ही एक पायरी असते, आणि भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांच्या नावांतही ती दिसते. फॉर्मसाठी 'अर्ज' असा सरळ शब्द असताना त्यालाही प्रवेशिका म्हणणारे आहेत, हे दुर्दैव.

शेवंती:
आणि अप्रकाशित? माझी कविता मी स्टेटसला ठेवली होती. चोवीस तासांत गेली.

अवकाळी:
पुसली गेली, वाचली गेली नाही असं नाही.

जुना मुद्रितशोधक:
छापील काळात प्रश्न सोपा होता, अंकात आलं ते प्रकाशित. आता नियमांत 'समाजमाध्यमांसह कुठेही प्रसिद्ध न झालेले' असं स्पष्ट लिहिणारे संयोजक मला शहाणे वाटतात. तसं लिहिलेलं नसेल तर स्टेटस ही प्रसिद्धी नव्हे, असं मी म्हणेन. फेसबुकच्या भिंतीवर सगळ्यांसाठी खुली ठेवली असेल, तर तीच कविता पाठवू नये.

कवितेबाबत मला जास्त खटकतं ते '८ ओळी'. चार ओळी म्हटलं असतं तर चारोळी कळली असती. हायकू म्हटलं असतं तर तीन ओळी कळल्या असत्या. 'लघुकविता' हा नुसता आकार झाला. त्यात ओळ म्हणजे काय? ज्ञानेश्वरीतली ओवी साडेतीन चरणांची. ती कुणी दोन ओळींत छापतं, कुणी चार. मुक्तछंदात तर कवी एंटर मारील तिथे ओळ. आठ लांबलचक ओळींत एक आख्खं पान भरवता येतं, आणि तरी नियम मोडत नाही.

शेवंती:
संयोजकांना फोन केला. शीर्षक सोडून १०० 'पर्यंत' चालतील, ९० झाले तरी हरकत नाही. स्टेटस प्रसिद्धीत धरत नाहीत. 'मौलिक' कुठून आलं ते त्यांनाही सांगता आलं नाही, गेल्या वर्षीच्या जाहिरातीवरून उतरवलं म्हणाले. जोडाजोड करून मी १०२ वर आले आहे. शेवट असा आहे: 'आणि मग ती अचानक ढसाढसा रडू लागली.' काय काढू?

फिरस्ता:
'आणि मग' काढा. झाले शंभर.

अवकाळी:
'अचानक'पण. ढसाढसा रडणं कधी सावकाश होतं का?

जुना मुद्रितशोधक:
मी तर म्हणतो, ज्या बाईने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही तिला रडवूच नका. सात शब्द वाचतील.