‘उडी मारली’ की ‘इजेक्ट केले’?

प्रश्न : ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यात सुखोई-३० कोसळले आणि दोन्ही वैमानिक बचावले. अशा बातम्यांत ‘वैमानिकाने विमानातून उडी मारली’ असे सर्रास लिहिले जाते. ते योग्य आहे का, आणि ‘इजेक्शन सीट’ला, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनाला, मराठीत काय म्हणावे?

उत्तर : ‘उडी’ हा शब्द पंख्याच्या जुन्या विमानांना शोभत होता. वेग वाढल्यावर वाऱ्याच्या दाबामुळे कॉकपिटमधून अंग बाहेर काढणेच अवघड झाले, आणि जो कसाबसा निघाला त्याला मागचे शेपूट आदळण्याचे भय होतेच. आज वैमानिक उडी मारत नाही. तो बहुधा दोन पायांमधली कडी ओढतो. त्यासरशी डोक्यावरची काच उडवली जाते किंवा तिच्यावर बसवलेल्या स्फोटक दोरीने तिचा चुरा होतो, आसनाखालचे काडतूस आसनाला रुळांवरून वर ढकलते, पट्टे पाय मागे खेचून धरतात आणि मग रॉकेट पेटून आसन विमानापासून दूर जाते. पुढे लहान पॅराशूट आसनाचे गोते थांबवते, आसन सुटते आणि मोठे पॅराशूट उघडते. ‘झीरो-झीरो’ (शून्य उंची, शून्य वेग) प्रकारचे आसन तर धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानातूनही माणसाला पॅराशूट उघडण्याइतके उंच नेते. त्या धक्क्यात शरीरावर क्षणभर गुरुत्वाच्या बारा ते वीस पट भार येतो, म्हणून जीव वाचला तरी पाठीचे मणके दबण्याची शक्यता राहते. याला उडी म्हणणे म्हणजे फारच सौम्य बोलणे झाले.

दुसरे उत्तर : प्रतिशब्दच हवा असेल तर ‘उत्क्षेपण-आसन’ घ्यावा. वैशेषिक दर्शनातील पाच कर्मांत ‘उत्क्षेपण’ म्हणजे वर फेकणे हे पहिलेच आहे, त्यामुळे अर्थ नेमका बसतो. ‘निष्कासन’मध्ये हकालपट्टीचा वास येतो आणि ‘उत्सर्जन’ तर कार्बनने कधीच बळकावला आहे. जर्मन लोकही यास ‘श्लॉयडरझिट्स’, म्हणजे भिरकावणारे आसन, म्हणतात. १९४२ साली हेल्मुट शेंक हा वैमानिक हाइन्केल-२८० या जर्मन जेट विमानातून बाहेर फेकला गेला, तेव्हा ते काम दाबलेल्या हवेने केले होते. मात्र बातमीत मी ‘इजेक्शन सीट’च लिहीन, कारण हवाई दलातले मराठी लोकही तेच बोलतात.

प्रश्नकर्ता : मग वैमानिक ‘इजेक्ट झाला’ की त्याने ‘इजेक्ट केले’?

उत्तर : कडी त्याने स्वतः ओढली असल्यास ‘केले’ म्हणावे, कारण तो निर्णय, आणि पुष्कळदा तो घेण्यास लागलेला उशीरही, त्याचाच असतो. दोन आसनी विमानात मात्र एकाने कडी ओढली की दोघेही थोड्या अंतराने बाहेर फेकले जातील अशी सोय बहुधा असते, आणि मागचा आधी जातो, म्हणजे पुढच्याच्या रॉकेटची झळ त्याला लागत नाही. अशा वेळी ज्याने कडीला हातही लावला नाही, तो ‘इजेक्ट झाला’ हेच बरोबर.