असंबद्ध की विसंगत?

परवा एक अनुवाद तपासताना वाक्य आलं: ‘तापात त्याचं बोलणं विसंगत झालं होतं.’ तिथे ‘असंबद्ध’ हवं, असं मी सुचवलं. अनुवादक म्हणाली, ‘दोन्ही एकच ना?’ नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साक्षीदार आधी म्हणाला, मी घरी होतो. उलटतपासणीत म्हणाला, शेतावर होतो. ही विसंगती. दोन्ही विधानं एकाच गोष्टीबद्दल आहेत, म्हणून तर त्यांचा खटका उडतो. असंबद्ध बोलण्यात खटका उडायलाही जागा नसते, कारण एका वाक्याचं दुसऱ्याशी नातंच नसतं. बद्ध म्हणजे बांधलेलं. मोळीची दोरी सुटावी तसं हे.

याचा सुंदर नमुना पतंजलीच्या महाभाष्य या संस्कृत व्याकरणग्रंथात आहे: ‘दश दाडिमानि षडपूपाः कुण्डमजाजिनम्…’ दहा डाळिंबं, सहा अपूप (घारगे म्हणा), कुंड, बकऱ्याचं कातडं. एकेका शब्दाला अर्थ आहे, सगळ्यांचा मिळून काहीच नाही. आपल्याकडे याला ‘ना शेंडा ना बुडखा’ म्हणतात, आणि मला तर तोच शब्दप्रयोग जास्त आवडतो.

‘विस्कळीत’ वेगळं. तिथे मजकूर एकाच विषयाचा असतो, मांडणी फसलेली असते. तुटक बोलणाऱ्याचं तर सगळं सुसूत्र असू शकतं, फक्त शब्द मोजके.

लिहिताना ‘असंबध्द’ नको. आधी द, मग ध: बुद्ध, युद्ध, सिद्ध, तसंच बद्ध. ‘असंबंध बडबड’ही चूक, संबंध हे नाम आहे, इथे विशेषण हवं.

आता वापराबद्दल, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. माझी आजी शेवटच्या आजारपणात ताप चढला की बोलत राहायची. ‘दूध उतू जाईल. पूल बुडाला, आता गाडी यायची नाही. अण्णांचं धोतर वाळलं का?’ डॉक्टरांनी केसपेपरवर ‘असंबद्ध बोलणे’ असं लिहिलं. आई म्हणायची, ‘सासूबाई बरळतायत.’ मोठी आत्या आली, दोन दिवस उशाशी बसली आणि म्हणाली, ‘अगं, ही माझ्या जन्माच्या वेळची गोष्ट सांगतेय.’ तेव्हा नदीला पूर आला होता, पुलावर पाणी होतं, सुईणीला आणायला गेलेली बैलगाडी पलीकडेच अडकली. अण्णा पोहून परत आले होते, म्हणून ते धोतर.

डॉक्टरांचा शब्द चुकला नव्हता. आम्हाला ऐकू येत होतं ते असंबद्धच होतं. दोरी आत्याकडे होती. तेव्हापासून मी ‘असंबद्ध’ हे विशेषण बोलण्याला, उत्तराला, लेखाला लावते, ‘तो असंबद्ध माणूस आहे’ असं म्हणत नाही. अनुवादातलं ते वाक्य आता असं आहे: ‘तापात तो असंबद्ध बोलत होता.’