बाजार का पडला हे संध्याकाळी कळते. मग सकाळी गुंतवणूकदाराने पाहायचे तरी काय?

सातपूरकर_निवृत्त

नमस्कार. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मर्यादेइतके, म्हणजे ३० लाख रुपये ठेवले. उरलेली रक्कम म्युच्युअल फंडांत आहे, आणि माझा प्रश्न या उरलेल्या रकमेविषयी आहे.

३ जून २०२४ रोजी मतदानोत्तर चाचण्यांच्या जोरावर सेन्सेक्स २,५०७ अंकांनी वाढला आणि दुसऱ्याच दिवशी, लोकसभेचे निकाल येत असताना, ४,३८९ अंकांनी, म्हणजे जवळजवळ पावणेसहा टक्क्यांनी कोसळला. त्या दिवशी मी कॉलेज रोडवर बँकेच्या रांगेत होतो. पुढच्या दोघांनी मोबाइलकडे पाहत "हे आता थांबत नाही" असे सांगितले आणि बारा चाळीसला, रांगेतच उभ्या उभ्या, मी इंडेक्स फंडातील (जो निर्देशांकातलेच शेअर धरतो) सगळी युनिटे विकून टाकली. शुक्रवारी सेन्सेक्स ७६,६९३ वर, म्हणजे ३ जूनच्याही वर बंद झाला. ७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या आयातशुल्कावरून पुन्हा २,२०० हून अधिक अंकांची घसरण झाली. या वेळी मी काहीच केले नाही, पण ते शहाणपणाने नव्हे; काय करावे हेच सुचले नाही. १५ एप्रिलपर्यंत तीही घसरण भरून निघाली होती.

दोन्ही वेळा घसरणीची कारणे मला पटली आणि दोन्ही वेळा वाढीची कारणेही तितकीच पटली. ज्यांना हे समजते ते लोक अशा दिवसांत नेमके काय वाचतात, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

गोदाकाठ

आपल्याला पटलेली कारणे खोटी नसतात, पण ती भाव ठरल्यानंतर लिहिलेली असतात. कारण शोधायला निघालेल्याला संध्याकाळपर्यंत एखादे कारण सापडतेच. मी बरीच वर्षे एका दलाली पेढीत काम केले आहे आणि तिथली सवय सांगतो: बातमीच्या आधी मोजमापे पाहायची.

आपल्याकडे गोदावरीला पूर आला की कोणी क्युसेकचे आकडे विचारत नाही. पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की गळ्याशी आले, एवढेच विचारतात. बाजारातला दुतोंड्या मारुती म्हणजे इंडिया व्हिक्स. निफ्टीच्या ऑप्शनांचे, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्कांचे, जे भाव चालू असतात त्यांवरून राष्ट्रीय शेअर बाजार हा आकडा काढतो. विम्याची मागणी वाढली की हप्ता वाढतो, तसे घाबरलेले लोक ऑप्शन जास्त दराने घेतात आणि व्हिक्स चढतो. तो १५ असेल तर वार्षिक हिशेबाने १५ टक्के, आणि येत्या महिन्यापुरते पाहिल्यास सुमारे सव्वाचार टक्के, वर किंवा खाली हालचाल होईल असे बाजार धरून चालला आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोणत्या दिशेने, हे तो सांगत नाही. मार्च २०२० मध्ये तो ८० च्या वर गेला होता. ४ जून २०२४ ला २६ च्या वर होता आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस १७ च्या आसपास आला.

मात्र मारुतीच्या गळ्याशी पाणी आहे, यावरून पुढच्या तासाला काय होईल हे कळत नाही. त्यासाठी गंगापूर धरणातून किती विसर्ग सुरू आहे हे पाहावे लागते, कारण तिथे सोडलेले पाणी रामकुंडावर काही तासांनी पोहोचते. बाजारात ते काम व्याजदर, रुपया आणि परकीय गुंतवणूकदारांची खरेदी-विक्री करतात. ४ जूनला शेअर पावणेसहा टक्के पडले, पण दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरील परताव्याचा दर साधारण एक दशांश टक्क्यानेच वर सरकला. म्हणजे केंद्र सरकारला उसने देणारे घाबरलेले नव्हते. सत्तेचे गणित चुकल्यामुळे शेअरवाल्यांनी आपली किंमत दुरुस्त केली, असे त्या दिवशी दुपारीही वाचता येत होते.

याउलट मार्च २०२० पाहा. २३ मार्चला सेन्सेक्स तेरा टक्के कोसळून २५,९८१ वर आला, मध्येच व्यवहार पाऊण तास थांबवावे लागले, डॉलर ७६ रुपयांच्या पुढे गेला आणि परकीय संस्था शेअरबरोबर आपले कर्जरोखेही विकत होत्या. त्या महिन्यात जगभर सोनेसुद्धा काही दिवस घसरले, कारण रोख पैशाची निकड असलेला माणूस चांगले-वाईट पाहत नाही, जे विकले जाईल ते विकतो. सगळेच एका दिशेने पडू लागले की समजावे, प्रश्न कंपन्यांच्या नफ्याचा उरलेला नाही, रोकडीचा आहे; आणि अशा वेळी मध्यवर्ती बँकेकडे डोळे लावायचे असतात. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला रेपो दर (ती बँकांना ज्या दराने उसने देते तो) पाऊण टक्क्याने कमी केला, तो याच कारणाने. (सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली त्याच आठवड्यात गोदावरीलाही पूर आला होता. पेढीत त्या दिवसांत कोणत्या पाण्याविषयी बोलणे चालले आहे हे आधी विचारून घ्यावे लागे.)

आणखी एक गोष्ट. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न २३.९ टक्क्यांनी आक्रसले, हा आकडा ३१ ऑगस्टला जाहीर झाला. तेव्हा सेन्सेक्स ३८,००० च्या वर होता. अर्थव्यवस्थेचे आकडे मागचे असतात आणि बाजार पुढचे, चुकतमाकत का होईना, आजच मोजत असतो. म्हणून वाईट आकडा आला की विकायचे, हा नियम बहुतेक वेळा उशिराचा ठरतो.

रोज_एसआयपी

एवढे वाचायची गरजच काय? वृत्तवाहिनी बंद करावी, एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक, सुरू ठेवावी. बाजार शेवटी वर येतोच, हा इतिहास आहे.

आकडेमोड

हा इतिहास अर्धाच सांगितला जातो. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर होता आणि एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्या आसपास होता; मधल्या काळात मिळालेला लाभांश सोडला तर अकरा वर्षांत मुद्दलही पूर्ण परत आले नव्हते. जपानच्या निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ ची उंची फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडली. पस्तिशीतल्या नोकरदाराला एसआयपीचा सल्ला योग्य आहे, कारण त्याचे पैसे अजून आत येत आहेत आणि घसरणीत त्याला स्वस्त मिळते. प्रश्नकर्त्यांचे पैसे बाहेर पडत आहेत, त्यामुळे त्यांचे गणित उलटे चालते.

दहा लाख रुपये ४० टक्के पडून सहा लाख झाले, तर मूळ जागी यायला ६७ टक्के वाढ लागते. त्याच सहा लाखांतून घरखर्चासाठी एक लाख काढले, तर उरलेल्या पाच लाखांचे दहा व्हायला शंभर टक्के वाढ लागते. पडलेल्या बाजारात काढलेला रुपया पुढच्या वाढीत सहभागीच होत नाही. म्हणून निवृत्त माणसाने बाजार कुठे जाईल यापेक्षा आपल्याला कोणत्या महिन्यात किती रक्कम लागणार आहे, हे आधी कागदावर मांडावे. बचत योजनेतील ३० लाखांवर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. खर्चातला उरलेला भाग कुठून येणार, हा आपला खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर व्हिक्समध्ये नाही.

गोदाकाठ यांच्या लिहिण्यात एक भर घालतो. व्हिक्स चढला-उतरला की त्यावर ऑप्शनचे सौदे करण्याचा मोह होतो. बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमधील ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. पूर मोजण्याचे साधन पुरात उतरण्यासाठी वापरू नये.

निफाडची_चाळ

मी कांदा उत्पादक आहे, शेअरमध्ये माझे फार नाही, पण आकडेमोड यांनी जे लिहिले ते आम्हाला लाल कांदा आणि उन्हाळ कांदा या भाषेत लगेच समजते. लाल कांदा टिकत नाही. काढला की बाजार समितीत न्यायचा, भाव हजाराचा असो की तीन हजारांचा. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो, म्हणून त्याच्या बाबतीत थांबण्याला अर्थ असतो. तरीही मी तो एकदम विकत नाही आणि एकदम धरूनही ठेवत नाही. जूनपासून दिवाळीपर्यंत थोडा थोडा काढतो, कारण धरून ठेवण्यालाही किंमत आहे. वजन घटते, काही सडतो, आणि दर आठवड्याला चाळीत वाकून खालच्या थराचा वास घ्यावा लागतो. एकदा तो वास आला की लासलगावचा भाव विचारण्यात अर्थ नसतो.

दुसरे असे की सगळी अनिश्चितता एका जातीची नसते. फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्येच हा फरक मांडला होता: ज्याची शक्यता मोजता येते तो धोका, आणि जिथे शक्यताच मांडता येत नाही ती अनिश्चितता. गारपिटीचा अंदाज मागच्या वर्षांवरून काढता येतो, म्हणून विमा कंपनी हप्ता ठरवू शकते. पण ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी एका रात्रीत लागू झाली. ती ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितली, नंतर लांबली, आणि मे महिन्यात उठली तेव्हा ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्य ठेवून उठली. याचा हप्ता कोण ठरवणार? एप्रिलमधले अमेरिकेचे आयातशुल्क मला याच जातीचे वाटले. जे एका माणसाच्या सहीने येते आणि दुसऱ्या सहीने जाते, त्याचा अंदाज बांधण्यात रात्री घालवू नयेत. त्याने आपले किती नुकसान होऊ शकते तेवढेच मोजून ठेवावे.

सातपूरकर_निवृत्त

सर्वांचा आभारी आहे. काल रात्री वहीत दोन रकाने आखले, लाल कांदा आणि उन्हाळ कांदा, आणि प्रत्येक फंडापुढे ती रक्कम केव्हा लागणार ते लिहिले. जे दिसले ते लिहायला संकोच वाटतो. ४ जूनला मी जो इंडेक्स फंड विकला, त्यातील पैशाला २०३२ पर्यंत हात लावण्याचे कारणच नव्हते. आणि पुढच्या मार्चमध्ये पाथर्डी फाट्याच्या सदनिकेचा शेवटचा हप्ता भरायचा आहे, त्याचे साडेसहा लाख आजही एका मिडकॅप (मध्यम आकाराच्या कंपन्यांच्या शेअरच्या) फंडात आहेत. त्या फंडाकडे मी दोन्ही घसरणींत पाहिलेसुद्धा नाही, कारण तो सौभाग्यवतींच्या नावावर आहे आणि माझ्या मोबाइलवर दिसत नाही.

पैसे काढण्याची विनंती त्यांच्याकडून आज सकाळी अकराला टाकून घेतली आहे. भाव त्या वेळचा लागेल की कसे?

गोदाकाठ

फंडाच्या युनिटांना त्या क्षणाचा भाव नसतो. विनंती दुपारी तीनच्या आत नोंदली गेली असेल, तर आज बाजार बंद झाल्यावर जे निव्वळ मालमत्ता मूल्य ठरेल ते लागते. ४ जूनलाही आपल्याला बारा चाळीसचा नव्हे, दिवसअखेरचाच भाव मिळाला होता. एक वर्षाच्या आत घेतलेली युनिटे असतील, तर निर्गमन शुल्क किती आहे ते वहिनींच्या विवरणपत्रात पाहून घ्यावे.