चालू सामन्यात बास्केटबॉलवर पैसे लावायची काही पद्धत असते का?

जळगाव_ड्रिबल
कॉलेजात असताना खेळायचो, गार्ड होतो. आता एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी. सेकंड शिफ्ट असली की सकाळी मोकळा असतो, मग एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघतो. रूमवरच्या एकाने टेलिग्रामवरून सट्ट्याचा 'आयडी', म्हणजे खातं, घेतलाय आणि तो चालू सामन्यात लावत बसतो. त्याला पिक-अँड-रोल ही साधी चालही माहीत नाही, तरी कधीकधी जिंकतो. मला वाटतं, मला खेळ कळतो तर मी त्याच्यापेक्षा बरं करेन. तगडा संघ हाफटाइमला दहा-बाराने मागे पडला की त्याचा भाव चढतो, म्हणजे जिंकला तर जास्त पैसे मिळतात, तेव्हा घ्यावा. पहिल्या क्वार्टरला पॉइंट धडाधड पडले की टोटल (दोन्ही संघांचे मिळून पॉइंट) 'वर' लावावी. स्टार खेळाडूला लवकर फाउल लागले की समोरच्यावर जावं. यात काही दम आहे का? उपदेश नको, खेळाचं बोला.

अमळनेरना_पोऱ्या
भाऊ, पैसा उडावानाच शे तर माले दे. बामनोदना वांगास्नं भरीत करूत.

धुळे_नाइटशिफ्ट
हाफटाइमचा फंडा चालतो. तगडी टीम मागे असताना घ्यायची, शांत बसायचं. मला तरी जमतंय. टोटलच्या नादी लागू नको.

टेबलवरचे काका (भुसावळ)
ड्रिबल, तुम्ही खेळलेले आहात म्हणून खेळाचंच बोलतो. मी खेळाडू बेताचाच. माझी जागा टेबलवर. भुसावळला आणि जिल्ह्याच्या स्पर्धांत स्कोअरशीट लिहिली, शॉट क्लॉक चालवलं. त्यामुळे मला पहिला प्रश्न तिथलाच पडतो: बास्केट पडली हे सगळ्यांत आधी कोणाला कळतं?

टेबलला. एनबीएत कोर्टाच्या कडेला आकडे भरणारी माणसं बसतात. त्यांनी भरलेला आकडा स्पोर्टरडार या कंपनीमार्फत सट्टा घेणाऱ्या कंपन्यांकडे लगेच पोचतो. तुमच्या मोबाइलवर चित्र येतं ते त्यानंतर, आणि फुकटची लिंक असली तर बऱ्याच उशिरा. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट टाकायला मिळणारा वेळ, 24 सेकंदांचं असतं. म्हणजे तुम्ही 'आता थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारेल' म्हणून बोट उचलता, तेव्हा तिथे तो चेंडू केव्हाच पडलेला किंवा हुकलेला असतो आणि दुसरा संघ चेंडू घेऊन निघालेला असतो. भाव लावणाऱ्याला ते माहीत असतं, तुम्हाला नसतं. शिवाय पैसे लावल्यावर स्क्रीनवर जे चक्र फिरतं ना, ते नेटमुळेच फिरतं असं समजू नका. तेवढ्या सेकंदांत तिकडे काही घडलं आणि भाव हलला तर सौदा नाकारायची सोय आहे ती.

आता तुमचे तीन मुद्दे. दहा-बाराने मागे असणं हे या खेळात फार नाही. 48 मिनिटांत प्रत्येक संघाला साधारण शंभर वेळा चेंडू मिळतो, हाफटाइमला अजून पन्नासेक शिल्लक असतात. युटा जॅझने 1996 मध्ये डेन्व्हरविरुद्ध 36 ची पिछाडी भरून काढली होती. 2025 च्या फायनलचा पहिला सामना तुम्ही बघितलाच असेल, आपल्याकडे 6 जूनची सकाळ होती. इंडियाना चौथ्या क्वार्टरमध्ये 15 ने मागे, आणि त्यांच्या हॅलिबर्टनने 0.3 सेकंद शिल्लक असताना टाकलेल्या शॉटवर 111-110 ने जिंकले. अख्ख्या सामन्यात ते पुढे गेले ते तेवढेच. असं काही बघितलं की 'मागे पडलेला घ्यावा' हे डोक्यात पक्कं बसतं. पण पिछाडी भरून निघते हे भाव लावणाऱ्यालाही ठाऊक आहे, तो भाव त्या हिशेबानेच चढवतो.

विचारायचंच तर हे विचारा, की आघाडी झाली कशातून? थ्रीमधून झाली असेल, म्हणजे 18 पैकी 11 आत गेले असतील, तर ती टिकणं अवघड, कारण लीगची सरासरी 36 टक्क्यांच्या आसपास असते आणि दुसऱ्या हाफला हात सहसा थंड होतात. रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), टर्नओव्हर (चेंडू गमावणं), फ्री थ्रो यांतून झाली असेल तर समोरच्याच्या खेळातच काहीतरी मोडलंय. स्कोअरबोर्डवर दोन्ही आघाड्या बाराच्याच दिसतात. स्कोअरशीटवर वेगळ्या दिसतात, आणि टेबलवर बसणाऱ्याला तेच बघायची सवय असते.

फाउलचंही तसंच. पहिल्या क्वार्टरला दोन लागले की कोच सहसा खेळाडूला बसवतो. पण तो परत येणार असतो, एनबीएत बाहेर जायला सहा लागतात, आपल्याकडे चालणाऱ्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय) नियमात पाच. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते संघाचे फाउल. क्वार्टरमधल्या पाचव्यापासून साध्या फाउललाही फ्री थ्रो. सात मिनिटं बाकी असताना एखादा संघ त्या अवस्थेत गेला, तर घड्याळ थांबत राहतं आणि पॉइंट चढतात. शेवटच्या मिनिटांत मागचा संघ मुद्दाम फाउल करतो, तेव्हाही तेच. उलट पंचविसाने सामना फुटला की चौथ्या क्वार्टरला बेंचची पोरं येतात आणि त्या वेळचे आकडे बघून काही ठरवण्यात अर्थ नसतो. टोटलमध्ये ओव्हरटाइमही धरलेला असतो हे बरेच जण विसरतात. पहिल्या क्वार्टरच्या धडाक्यावर टोटल घेणं मला तिन्हींत कच्चं वाटतं. तुम्ही बघेपर्यंत लाइन, म्हणजे भाव लावणाऱ्याने धरलेला टोटलचा आकडा, वर सरकलेलीच असते.

एवढं सगळं वाचता आलं तरी हिशेब राहतो. दोन्ही बाजूंना 1.85 भाव (जिंकलात तर रुपयाला 1.85 परत) असेल तर 1 भागिले 1.85, म्हणजे प्रत्येकी 54 टक्के. दोन्हींची बेरीज 108. वरचे आठ त्यांचे. तुमचा अंदाज नाण्याइतकाच चांगला असेल, तर 500 रुपये शंभर वेळा लावल्यावर सरासरी 3,750 जातात. नुसतं बरोबरीत राहायला शंभरातले साधारण 54 बरोबर यावे लागतात. खेळ सुरू असताना हे वरचं टक्केवारीचं ओझं सहसा सामन्याआधीपेक्षा जास्त असतं.

रावेरकर
काका, म्हणजे आमच्या केळीसारखंच. बऱ्हाणपूरचा बोर्ड भाव एक, आणि कापणीला आलेला व्यापारी हातात टेकवतो तो दुसरा.

टेबलवरचे काका (भुसावळ)
हो. फक्त तुमच्याकडे निदान केळीचा घड असतो.

धुळे_नाइटशिफ्ट
काका हिशेब बरोबर असेल, पण मी तीन हजारांचे नऊ केले.

टेबलवरचे काका (भुसावळ)
केले असतील. खात्यात आले का? आणि कोणाच्या नावावरून आले? हे 'आयडी'वाले पैसे भलत्याच माणसांच्या खात्यांतून फिरवतात. उद्या त्यातल्या एखाद्या खात्यावर फसवणुकीची तक्रार झाली, तर साखळीतली पुढची खातीही गोठतात, त्यात तुमचं पगाराचं. मग सायबर पोलिसांकडे जाऊन सांगा की मी फक्त डेन्व्हर घेतलं होतं.

कायद्याचं एकदाच सांगतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण तुमचे पैसे बुडाले तर दाद कोणाकडे मागणार?

आणि एकेका खेळाडूच्या आकड्यांवरचे जे सौदे असतात, त्यांच्या वाटेलाही जाऊ नका. टोरांटोच्या जॉन्टे पोर्टरला एनबीएने 2024 मध्ये आयुष्यभरासाठी बाहेर काढलं. दुखापत किंवा आजारपण सांगून त्याने लवकर कोर्ट सोडलं होतं, आणि त्याच्या ओळखीच्यांनी त्याचे आकडे कमी येतील यावर पैसे लावलेले होते. समोर असा माणूस बसला असेल तर पिक-अँड-रोल कळून काय उपयोग?

जळगाव_ड्रिबल
थ्रीची आघाडी आणि रिबाउंडची आघाडी हे डोक्यात आलंच नव्हतं. पण मला खेळ खरंच कळतो की नाही, हे पैसे न लावता कसं तपासू?

टेबलवरचे काका (भुसावळ)
वही करा. हाफटाइमला भाव बघायच्या आधी लिहायचं: अमुक संघ जिंकेल, 40 टक्के. शेजारी कारण, एका ओळीत. मग भाव कुठे तरी बघून त्याचे टक्के काढून लिहायचे. सामना संपला की निकाल. पूर्ण सीझन झाला की तुम्ही जिथे 40 लिहिलंय ते सगळे सामने वेगळे काढा. त्यांतले शंभरी चाळीस जिंकले असतील तर तुमची नजर चांगली. मग भावाचे टक्के लावून तेच करा. बहुतेकांची वही इथे भावापुढे हरते. खाडाखोड करायची नाही, शाईनेच लिहा.

जळगाव_ड्रिबल
हाफटाइमला थ्री किती, फ्री थ्रो किती, हे कुठे दिसतं?

टेबलवरचे काका (भुसावळ)
एनबीएच्याच साइटवर, बॉक्स स्कोअरमध्ये (प्रत्येकाच्या आकड्यांचा तक्ता). फुकट आहे. प्ले-बाय-प्ले (क्रमाने काय काय घडलं त्याची यादी)ही तिथेच उघडा. कुठल्या मिनिटाला कोण बेंचवर गेलं ते त्यातच मिळतं.