कायदा शिकणाऱ्यानं कादंबरी वाचू नये? ‘काळा कोट’ यांना उत्तर

तिसरा बाक

परवा ‘काळा कोट’ यांनी लिहिलं की हल्लीची एलएलबीची मुलं कलमं सोडून कादंबऱ्या वाचतात, राजकारणावर मतं ठोकतात आणि पहिल्याच जामीन अर्जाला गडबडतात. कायदा तटस्थ असतो, साहित्यानं माणूस हळवा होतो आणि हळवा वकील अशिलाच्या कामाचा नाही, असं त्यांचं म्हणणं. दोनदा वाचलं. राहवलं नाही, म्हणून लांबण लावतेय.

मी सोलापूरची, तिसऱ्या वर्षाला. आमच्याकडे ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो नेऊन सोडतो. ते नाव आलं कुठून, हे मी अठरा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आमच्या नोट्समध्ये चार ओळींत होता: इंग्रजांनी केला, १९५२ मध्ये रद्द झाला, टीप लिहा. अख्ख्या जमातीला जन्मतःच गुन्हेगार ठरवून वसाहतीत, म्हणजे ‘सेटलमेंट’मध्ये, कोंडलं, हजेऱ्या घेतल्या, हे त्या चार ओळींत होतं. पण कायदा गेल्यावरही पोलीस त्याच घरांवर का येत राहिले, हे नव्हतं. ते मला लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन वाचून कळलं. त्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, म्हणजे ते काही कोपऱ्यात दडलेलं नव्हतं. आमच्या वर्गात ते वाचलेले दोघेच निघाले.

आता तटस्थतेबद्दल. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतले नियम घटनाबाह्य ठरवले. झाडलोट कुणी करायची, स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून ठरत होतं आणि विमुक्त, म्हणजे त्या १८७१ च्या कायद्यातून सुटलेल्या, जमातींच्या कैद्यांना सराईत गुन्हेगार धरलं जात होतं. घटना येऊन पंचाहत्तर वर्षं होत आली तोवर हे कागदावर होतं. काका, तो कागदसुद्धा कायदाच होता, आणि तो कलमासारखाच कोरड्या भाषेत लिहिलेला होता.

काळा कोट

बाळ, तुझी कळकळ पोचली. पण तुझ्याच उदाहरणानं तू हरलीस. तो निकाल कादंबरीनं लागला का? घटनेच्या कलम १४, १५, १७, २१ आणि २३ वर लागला. याचिका नीट लिहिली होती म्हणून लागला.

सव्वीस वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात काढली आहेत. एक ज्युनिअर होता माझ्याकडे, फार वाचणारा. खावटीच्या, म्हणजे पोटगीच्या, केसमध्ये बाईंची परिस्थिती इतकी छान मांडली की समोरच्या वकिलाचेही डोळे भरून आले. नवऱ्याच्या पगाराचा कागद मात्र जोडायला विसरला. अंतरिम खावटी चार महिने लांबली. ते चार महिने त्या बाईंनी कसे काढले ते मी पाहिलंय. म्हणून राग येतो.

तिसरा बाक

पहिलं म्हणजे मला बाळ म्हणू नका. वय तेवीस आहे.

दुसरं, ती याचिका कुठून आली? सुकन्या शांता या पत्रकार तुरुंगातल्या जातिभेदावर २०२० पासून लिहीत होत्या, याचिकाही त्यांचीच. आधी कुणीतरी ते पाहिलं, ऐकलं, लिहिलं. मग कलमं लागली. तुमचा ज्युनिअर कागद विसरला तो निष्काळजीपणानं. वाचनाला का धरता?

आणि वकिलानं साहित्य-समाजाच्या भानगडीत पडू नये म्हणता, तर १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या लैंगिक शिक्षणाच्या मासिकावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर का उभे राहिले?

काळा कोट

बाबासाहेबांचं नाव घेतलं की समोरच्यानं गप्प बसायचं, असं नसतं. ते उभे राहिले आणि कायद्यावर भांडले. आणि तो खटला ते हरले, हेही लिहा की.

तिसरा बाक

हरले. म्हणून उभं राहणं चूक ठरतं का?

शिरस्तेदार

एकतीस वर्षं कोर्टाच्या कचेरीत काढून निवृत्त झालो. दोघंही मूळ दुखण्याला हात लावत नाही. मुलं काय वाचतात हे नंतर बघू, आधी कोर्टात कुठली भाषा बोलतात ते बघा. १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे. १९९८ मध्ये जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी म्हणून शासनानं जाहीर केली. आज कोर्टात जाऊन बसा. साक्ष मराठीत, युक्तिवाद इंग्रजीत, आणि पक्षकार आपल्या वकिलाच्या तोंडाकडे बघत उभा. बाहेर आल्यावर विचारतो, “साहेब, काय झालं आत?” त्याच्याच जमिनीचा दावा, आणि त्यालाच कळत नाही!

उच्च न्यायालयाचं तर बोलूच नका. घटनेच्या कलम ३४८(२) खाली राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारला हिंदीची मुभा मिळाली, शेवटची १९७२ मध्ये. मग मराठीनं काय घोडं मारलंय?

काळा कोट

धागा कशावर आहे शिरस्तेदार? आणि मराठी म्हणजे कुठली? “सदरहू इसमास उपरोक्त अधिनियमान्वये” ही? ती मला इंग्रजीपेक्षा अवघड जाते. उद्या मुंबईच्या खंडपीठावर बाहेरच्या राज्यातले न्यायमूर्ती येतात, त्यांनी काय करायचं?

शिरस्तेदार

शिकायचं! कलेक्टर शिकतात की नाही मराठी? आणि बोजड भाषेचं खापर मराठीवर फोडू नका. कैफियत, दरखास्त, हुकूमनामा, पंचनामा हे शब्द गावातल्या म्हाताऱ्यालाही कळतात. ते बाजूला सारून कोशातले शब्द कुणी आणले? तुमच्यासारखे वकील कधी भांडले का त्याविरुद्ध?

अर्धविराम

मी कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करून पोट भरते, म्हणून हे विषयांतर वाटत नाही. अपिलात गेलेली मराठी साक्ष इंग्रजीत करावी लागते. एका साक्षीत बाई म्हणाली होती, “त्यानं माझ्यावर हात टाकला.” आधीच्या कुणीतरी इंग्रजीत केलं होतं, ‘त्यानं आपला हात माझ्यावर ठेवला.’ मराठी माणसाला सांगायला नको, हात टाकणं म्हणजे एक तर मारणं, नाही तर त्याहून वाईट. ठेवणं तर मुळीच नाही. चूक वेळेत लक्षात आली म्हणून बरं. पण ‘टाकला’ आणि ‘ठेवला’ यांतलं अंतर ज्याच्या कानाला कळतं तो माणूस घडतो कुठे? कलमं पाठ करून नाही घडत. कथा, कविता, बायकांच्या गप्पा, यातून घडतो. काळा कोट, हळवेपणा बाजूला ठेवा. हे तुमच्या धंद्याचं हत्यार आहे.

काळा कोट

हा मुद्दा मान्य. एवढाच. उलटतपासणीत माझा स्वतःचा एक साक्षीदार अशाच एका शब्दावर फुटला होता. “लागलं” म्हणाला, म्हणजे मार लागला की ठेच लागली यावर वीस मिनिटं गेली. पण त्यासाठी भाषा यावी लागते. राजकारणावर लेख लिहावे लागत नाहीत.

शिरस्तेदार

म्हणजे मराठीच हवी! ३ ऑक्टोबर २०२४ लाच केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. कोर्टाच्या उंबऱ्याबाहेर ठेवून कसला दर्जा?

भटकी

तीन दिवस वाचतेय. आता लिहिते.

मी कैकाडी, विमुक्त जमातीतली. तिसऱ्या बाकवालीनं जो भाग सांगितला, त्यात माझी आजी वाढली. शिरस्तेदार, तुमच्या मराठीबद्दलच्या तळमळीचा मान ठेवून सांगते, आमच्या घरात मराठी बोलत नाहीत. आमची भाषा तमिळच्या जवळची. पारध्यांची गुजरातीच्या जवळची. आजीनं आयुष्यात ज्या जबाबांवर अंगठे दिले ते सगळे मराठीत होते. तुम्ही पक्षकाराला इंग्रजी कळत नाही म्हणून हळहळता. माझ्या आजीला तुमची मराठी कळत नव्हती, आणि अंगठा दिल्याशिवाय घरी सोडत नव्हते.

अभिजात दर्जा आणि तुरुंगांचा निकाल एकाच तारखेचे आहेत. त्या रात्री माझ्या फोनवर मराठीच्या अभिनंदनाचे बावीस निरोप आले. निकालाबद्दल एकही नाही. माझे सगळे मित्र मराठी साहित्य वाचणारे आहेत. तेव्हा वाचलं की माणूस आपोआप जागा होतो, हेही मला पटत नाही, बाकवाली.

काळा कोट, तुमच्या तटस्थ कायद्याबद्दल. माझा भाऊ टेम्पो चालवतो. त्याच्यावर एकही गुन्हा शाबित नाही. तालुक्यात कुठे घरफोडी झाली की त्याला बोलावतात. आता चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वागणुकीची हमी मागणारी कारवाई, लावलीय.

तिसरा बाक

तुम्ही म्हणता ते लागलं. त्या दिवशी मीही मराठीचं स्टेटस ठेवलं होतं. निकाल मी आठवड्यानं वाचला, परीक्षेसाठी. वाचलं की आपोआप जाग येते हे मी मागे घेते. पण न वाचता मला तुमच्या भावाची गोष्ट कळलीच नसती, हे मागे घेणार नाही.

शिरस्तेदार

ताई, मी असे शेकडो अंगठे पाहिले. ‘वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे’ ही ओळ आधीच लिहिलेली असायची. कुठल्या भाषेत समजलं, हे मी एकदाही विचारलं नाही. दुभाषा मागायला हवा होता. मराठीचा माझा आग्रह सोडणार नाही, पण हे माझं चुकलं.

काळा कोट

माझा मूळ मुद्दा कायम आहे. रडून केस जिंकत नाही. पण भटकी, चॅप्टर केस कशाखाली लावलीय? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ११० खाली, म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १२९ खाली असेल तर ‘सराईत’ म्हणायला आधार काय दिलाय ते आधी बघा. नुसती जमात किंवा नुसता संशय चालत नाही. आणि तो तुरुंगांचा निकाल जोडता येईल. त्यात विमुक्त जमातींना सराईत धरण्याबद्दल जे म्हटलंय ते इथे उपयोगी पडेल. हे मला परवा सुचलं नसतं, एवढं लिहितो आणि थांबतो.

कागद इथे टाकू नका. मला निरोप करा. फी नको.

भटकी

१२९ च आहे. तीन वर्षांचं बंधपत्र मागितलंय. गुरुवारी तारीख.

शिरस्तेदार

नोटिशीवर जावक क्रमांक, सही आणि बजावल्याची तारीख आहे का बघा. सोबत कुठली माहिती जोडलीय तेही. नसेल तर लेखी मागा आणि पोच घ्या.

तिसरा बाक

गुरुवारी मी येते. टंकलेखन, झेरॉक्स, जे लागेल ते.

भटकी

या. आधी आमच्या घरी या. नोटीस आईला आमच्या भाषेत सांगायचीय, आणि ‘बंधपत्र’ला आमच्यात शब्द नाही. कसं सांगू ते मिळून ठरवू.