रपटा, फरशी की कॉजवे? आणि गाडी ‘फसली’ की ‘अडकली’?

सहाव्या वर्गासाठी एक उतारा मराठीत करतोय. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचं बेट आहे. तिथे जाणारा डांबरी रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. कोणत्या वेळी जाणं धोक्याचं नाही याचं पत्रक लावलेलं असतं, तरी कोणी ना कोणी गाडी घालतोच. मग गाडी पाण्यात सोडून, उंच खांबांवर बांधलेल्या खोलीत चढून ओहोटीची वाट बघत बसतो. या रस्त्याला मी ‘रपटा’ लिहिलं. सोबतच्या मॅडमनी खोडून ‘कॉजवे’ केलं. वर्गात वाचून दाखवलं तर पोरं म्हणे, सर, काजवे पाण्यात काऊन? सांगा, काय ठेवू?

वणीहून : रपटाच ठेवा, सर. रस्ता नाल्याच्या पात्रात उतरतो, खाली सिमेंटचे नळे, वर काँक्रीट. पाणी कमी असलं की नळ्यांतून जातं, वाढलं की वरून. वरून जावं म्हणूनच तो तसा ठेंगणा बांधतात. पक्के कठडेही म्हणूनच नसतात. असले तर पुरात पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीच्या फांद्या अटकतात आणि पाणी तुंबून रपटाच उखडतो. कडेला नुसते पांढरे दगड असतात. ते दिसेनासे झाले की गाडी वळवायची, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. (मोठ्यांचं सांगत नाही.)

पुण्याहून : पण रपटा हिंदी आहे ना? ‘रपटना’ म्हणजे घसरणे. आमच्याकडे ‘फरशी’ किंवा ‘फरशी पूल’ म्हणतात. मराठी शब्द असताना हिंदी कशाला?

नागपूरहून : दादा, 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कचेरीचे आणि बांधकामाचे किती शब्द हिंदीतून आले आणि इथलेच झाले, त्याला मोजदाद नाही. शेवाळलेल्या रपट्यावरून एकदा मोटरसायकल काढून बघा, शब्द किती नेमका आहे ते हाडाला कळेल. आणि ‘फरशी’ म्हटलं की आमच्याकडे घरातलीच आठवते. ‘कॉजवे’ मुंबईचा शब्द. 1838 चा कुलाबा कॉजवे बेटं जोडायला बांधला, पाण्याखाली जायला नव्हे.

गडचिरोलीहून : आमच्याकडच्या बातम्यांत ‘ठेंगणा पूल’ असतं. भामरागडजवळ पर्लकोटा नदीवरचा जुना पूल पावसाळ्यात बुडायचा आणि तालुक्याचा संपर्क तुटायचा. ‘कमी उंचीचा पूल’ कागदावर ठीक. ठेंगणा म्हटलं की पूल डोळ्यांपुढे उभा राहतो.

मालवणहून : सर, एक हरकत. रपट्याचं पाणी वरून धारेनं येतं. भरती धावत येत नाही, ती चढते. बाजूनं, गुपचूप, आणि ठरल्या वेळी. आमच्याकडे ओहोटीला ‘सुकती’ म्हणतात. मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्याची पायवाट अशीच भरतीत बुडते, लोक सुकतीच्या वेळी जातात. तुमच्या उताऱ्यात ‘पूर’ शब्द येता कामा नये.

वणीहून : ताई, तुमचं बरोबर. पण गुपचूप चढणारं पाणी आमच्याकडेही आहे. वर्धा नदी फुगली की नाल्याचं तोंड दाबते. नाल्याचं पाणी उलट मागे चढतं, त्याला धार नसते. ‘दाबाचं पाणी हाय’ म्हणतात. आभाळ कोरडं, रपट्यावर पाणी शांत, आणि मानूस म्हणते, निघू आरामात. मागच्या वर्षी मी असाच थांबलो होतो. एका म्हाताऱ्या बाबानं पाण्याच्या कडेला तुराटी रोवली आणि बिडी लावली. बिडी संपेस्तोवर तुराटी चार बोटं बुडाली. ‘चढून राह्यलं,’ म्हणे, ‘वापस जा.’

अमरावतीहून : धारेचंही हलक्यात घेऊ नका. फूटभर पाणी म्हणून कार घालतात. तेवढ्या वाहत्या पाण्यातही छोटी कार उचलल्यासारखी होते, चाकांची पकड सुटते. दोन फुटांत तर जीपही टिकत नाही.

पुण्याहून : बरं, क्रियापदाचं काय? वर्तमानपत्रात वाचलं, ‘नाल्यात कार फसली’. मला आधी वाटलं कुणी गाडीवाल्याला फसवलं. शिवाय नाला म्हटलं की सांडपाण्याचं गटार डोळ्यांपुढे येतं.

नागपूरहून : इथेच तर मजा आहे. तुमचा ओढा तो आमचा नाला, पळसाखालून वाहणारा, आंघोळीचा. ‘नाल्यात वाहून गेला’ वाचून पुण्यातला माणूस नाक मुरडतो, इकडचा हळहळतो. आणि ‘फसली’ म्हणजे काळ्या मातीत चाक जागीच फिरतंय, निघत नाही. पाण्यानं रस्ता बंद केला तर ‘अडकली’. पाण्याच्या अलीकडेच थांबून राहिली तर ‘खोळंबली’. इंग्रजीत तिन्हींना एकच शब्द चालतो, मराठीत चालवू नका. झड लागली की एसटी खोळंबते, ट्रॅक्टर फसतो, आणि ज्यानं ऐकलं नाही तो अडकतो.

मूळ प्रश्न विचारणारा मी. असं केलं : ‘भरती चढली आणि गाडी समुद्रातल्या रस्त्यावर अडकली.’ रपटा काढला, मन मात्र राजी नाही. खाली टीप दिली की आपल्या नाल्यावरचा रपटा याचा चुलतभाऊ. मॅडमना टीप आवडली, कॉजवे सोडायला मात्र तयार नाहीत. आता राहिली ती खांबांवरची खोली. ‘निवारा कक्ष’ लिहिलंय, पण सरकारी वाटतं.

वणीहून : रानडुकरं राखायला वावरात बांधतो ते काय असते, सर?

मचाण. लिहितो.