बहुमत, मताधिक्य, कौल : कुठे काय म्हणायचं?

विचारणा : तिरंगी लढतीत ४० टक्के मतं घेऊन जिंकलेल्या उमेदवाराबद्दलही 'प्रचंड बहुमताने विजयी' असं सर्रास लिहितात. मताधिक्य आणि बहुमत एकच का?

उत्तर : नाही. समजा, शंभर मतांपैकी एकाला ४०, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला २५ पडली. पहिल्याला सर्वाधिक मतं, त्याचं मताधिक्य पाचाचं. बहुमत मात्र कोणालाच नाही. त्याला निम्म्याहून जास्त, म्हणजे इथे किमान ५१ लागतात. साठ जणांनी विजेत्याला मत दिलेलंच नाही. (त्यांना तो 'नको होता' असं म्हणणंही धाडसाचं. दुसरा जास्त पसंत होता, एवढंच मतपेटीतून कळतं.)

हा नुसता शब्दांचा कीस नाही. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष व्हायला बहुमतच लागतं. पहिल्या फेरीत ते कोणालाच मिळालं नाही, तर सर्वाधिक मतं मिळालेल्या पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. २००२ साली जाक शिराक पहिल्या फेरीत सर्वांच्या पुढे होते, तेही २० टक्क्यांच्या आतच. दोन आठवड्यांनी समोर एकटे कडवे उजवे उमेदवार ल पेन उरले आणि शिराकना ८२ टक्के मतं पडली. त्यातली किती शिराकसाठी आणि किती ल पेन नकोत म्हणून, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पुरवणी : 'सभागृहात बहुमत' म्हणताना आपण जागा मोजतो, मतं नव्हे. ब्रिटनमध्ये २०२४ साली मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतं मिळाली आणि ६५० पैकी ४११ जागा. सभागृहातलं बहुमत अगदी खरं. त्यालाच 'जनतेचं बहुमत' म्हटलं की घोटाळा होतो.

विचारणा : मग 'जनतेने कौल दिला' हेही चूक?

उत्तर : ते चालेल. एकेकट्याचं ते मत, सगळ्यांची मिळून मोजणी होऊन निकाल लागला की कौल. तो ठरलेल्या नियमांनी लागतो, निम्म्याची अट त्यात नाही. 'स्पष्ट कौल' लिहिणाऱ्याने मात्र जागा बघून लिहिलं की मतं बघून, तेवढं सांगावं.

आणखी एक : मतदान आणि निवडणूक यांतही गल्लत होते. सार्वमतात मतदान असतं, पण निवडून कोणी येत नाही. प्राचीन अथेन्समध्ये पाचशे जणांचं मंडळ चिठ्ठ्या टाकून नेमत, सेनापती मात्र हात वर करून निवडत. अॅरिस्टॉटलच्या लेखी चिठ्ठीच लोकशाहीची, निवडणूक मूठभरांच्या राज्याची! आज हे कानाला विचित्र वाटतं खरं.

विचारणा : आणि 'बिनविरोध निवडून आले'?

उत्तर : रूढ आहे, खटकत नाही. मी 'बिनविरोध निवड झाली' लिहितो. मतदानच झालेलं नसतं, त्यामुळे मताधिक्याचा रकाना कोराच राहतो.